मामंजींचं विंचूगवत

“वायकोळे, रक्त पातळ करायच्या गोळ्या खाऊन खाऊन तूच पातळ झालास की! हे घे. सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर. महिन्याभरात मांडी घालून पंगतीला बसशील.”

हे काउंटरमागून माझ्या कानावर पडलं आणि हातातली खोकल्याची बाटली तशीच टेकवून मी बाहेर धावले. माझ्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर, माझ्याच नावाच्या पाटीखाली बसून माझे सासरे माझ्याच गिऱ्हाइकाला पुडी बांधून देत होते.

“मामंजी, ती पुडी परत घ्या.”

“का? विष आहे का? पाला आहे, पाला.”

“पाला आहे म्हणूनच म्हणतेय. सरांच्या हृदयाची झडप बदललीय. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यांना रोज गोळी आहे. आणि तुमच्या या पाल्यात रक्त गोठवायला मदत करणारं जीवनसत्त्व ठासून भरलंय. गोळी एकीकडे ओढणार, पाला दुसरीकडे.”

“मग त्यानं मेथीची भाजीसुद्धा खाऊ नये का?”

“खावी, पण बेतानं. वाळवून, कुटून, रोज चमचा चमचा नाही.”

वायकोळे सरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग पुडी हळूच पायरीवर ठेवली, आपली गोळ्यांची पट्टी खिशात घातली आणि निघून गेले. मामंजी त्यांच्याकडे बघत म्हणाले, “जळगावला जाऊन शिकून आली. काय शिकली? पाल्याला घाबरायला.”

भुसावळच्या आमच्या गल्लीत त्या वर्षी हे असं जवळजवळ रोज चाले. दुकान पुढे, घर मागे. मी आत औषधं विकायची आणि मामंजींनी बाहेर पायरीवर बसून त्या औषधांवर उतारा वाटायचा.

त्या पाल्याचं खरं नाव बिच्छू घास. मामंजी त्याला विंचूगवत म्हणत. हिमालयात ते बांधाबांधावर उगवतं आणि अंगाला लागलं की विंचू चावल्यासारखी आग होते. सासू-सासरे चारधामला गेले होते, तेव्हा एका वस्तीजवळ बस थांबली. मामंजी ‘जरा बाजूला’ गेले आणि मांडीभर गांधी उठवून परत आले. तिथल्या एका बाईनं आधी पोट धरून हसून घेतलं. मग त्यांना ओट्यावर बसवलं, त्याच गवताचे कोवळे शेंडे चिमट्यानं तोडून आणले, उकळले आणि भाजी करून वाढली. उकळलं की त्याचा डंख जातो. “जे मला डसलं, तेच मी खाल्लं!” असं म्हणून मामंजी ही गोष्ट संपवत. गल्लीतल्या प्रत्येकानं ती ऐकली होती. काहींनी दोनदा.

तेव्हा ती नुसती गंमत होती. पुढच्या वर्षी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं; एखादा शब्द यायचा तोही अर्धा चावलेला. आणि त्यानंतर काही महिन्यांनी डोंगरातून अचानक पार्सलं यायला लागली. वाळलेला पाला एका पिशवीत, मुळं दुसऱ्या पिशवीत. त्या बाईच्या पुतण्याचा पत्ता मामंजींनी जपून ठेवला होता. पाला आणि मुळं ते स्वतः खलबत्त्यात कुटत, फडक्यातून गाळत. पाल्याचा डबा पायरीवर यायचा. मुळांचा डबा त्यांच्या खोलीत, देवाच्या फडताळात.

“मूळ कशाला घेता हो?” मी एकदा विचारलं.

“ताकदीला.”

चिडचिड कशाची व्हायची, तर त्यांचं बोलणं सगळंच खोटं नव्हतं. सगळं खोटं असतं तर मी एका दिवसात डबा उचलून नाल्यात फेकला असता. पण मी पुस्तकं काढून वाचलं होतं. पाल्यात लोह आहे, चुना आहे. पहाडातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याची भाजी खाऊन कामं करतात. सांधेदुखीला काहींना त्यानं थोडा आराम पडतो, शिंका येणाऱ्यांनाही थोडा. मुळांनी म्हाताऱ्या माणसांचा लघवीचा त्रास जरा हलका होतो, असंही लिहिलेलं होतं. पण जिथं तिथं थोडा, जरा, काहींना. मामंजींच्या तोंडून ते बाहेर पडे तेव्हा ‘थोडा’ गळून गेलेला असे.

एकदा दूधवाल्याच्या सुनेला पुडी दिली. का, तर तिच्यात रक्त कमी. तिला दिवस गेलेत हे अख्ख्या गल्लीला दिसत होतं, मामंजींना सोडून. स्कूटर काढून मी तिच्या घरी गेले आणि चुलीजवळून ती पुडी परत आणली. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे पाटील दोन आठवडे पाला पिऊन भर बाजारात चक्कर येऊन बसले. मामंजींना सांगितलं, तर म्हणाले, “बघ! म्हणजे ब्लडप्रेशर उतरलं ना?”

माझे यजमान प्रमोद वीज केंद्रात पाळीवर असत. त्यांच्यापाशी तक्रार केली की ते बूट काढता काढता म्हणत, “दे सोडून, हेमा. आईचं सगळं तेच करतात. दुपारी पायरीवर बसून चार माणसांशी बोलले, तर बोलू दे.”

हे मात्र खरं होतं. सासूबाईंचं सगळं मामंजी करत. अंघोळ, वेणी, कपडे, संडासला नेणं, उचलून खुर्चीत बसवणं. सुरुवातीला आम्ही एक बाई लावली होती. दुसऱ्याच दिवशी मामंजींनी तिला परत पाठवलं. “ती रडली,” एवढंच म्हणाले. “तिला दुसऱ्याचा हात चालत नाही.” मी पुढे झाले, तर मलाही तेच. न्हाणीघराचं दार लावून घ्यायचे आणि आतून फक्त पाण्याचा आवाज यायचा.

मामंजी, म्हणजे लीलाधर फिरके, मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. शेवटच्या डब्यात उभं राहून आयुष्य गेलेलं. त्या डब्यात ना संडास ना पाणी. गाडी कुठल्यातरी आडरानात सिग्नलला तासन्‌तास उभी राहायची. “बाकीचे झुडपं शोधायचे,” मामंजी छाती काढून सांगत. “आपण कधी डबा सोडला नाही. शरीराला शिस्त लावली की ते ऐकतं.” शरीराबद्दल ते इतकंच बोलत. पायाला लागलं तर लंगडत, पण विचारलं तर म्हणत, काही नाही. घरात सून आली म्हणून सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा कधी उघडं ठेवलं नाही त्यांनी. असा माणूस गल्लीभर पुड्या वाटतो, लोकांच्या पोटाची, गुडघ्यांची, केसांची चौकशी करतो, याचं मला नवल वाटायला हवं होतं. पण राग आलेला असताना माणूस नवल करत नाही.

त्या हिवाळ्यात मामंजींना सर्दी झाली. नाक चोंदलं, डोळे लाल. संध्याकाळच्या गर्दीत ते काउंटरसमोर येऊन उभे राहिले.

“सर्दीची गोळी दे.”

“का? विंचूगवत संपलं?” मला राहवलं नाही. दोनतीन गिऱ्हाइकं हसली.

“दे म्हटलं ना.”

मी पट्टी काढली आणि देता देता थांबले. त्या गोळीनं नाक मोकळं होतं, पण म्हाताऱ्या पुरुषांची लघवी अडू शकते. कुणालाही देताना मी विचारायचेच. “मामंजी, तुम्हाला लघवीचा काही त्रास नाही ना? अडकत नाही ना? रात्री फार उठावं लागत नाही ना?”

“छे!” ते इतक्या जोरात म्हणाले, की सुट्टे पैसे मोजणाऱ्या बाईनं वर पाहिलं. “मला कसला त्रास? गार्ड होतो मी!”

मी पट्टी दिली.

मग तिसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून मी जेवायला बसले होते. आतल्या खोलीतून खणखणाट सुरू झाला. सासूबाई डाव्या हातानं स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटत होत्या. एकदा नाही, थांबेचनात. मी धावत गेले. त्या खाटेवर आडव्या, एक पाय खाली लोंबकळलेला. आणि मामंजी खाटेशेजारी गुडघ्यांवर, कपाळ गादीत खुपसून. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

“छातीत दुखतंय का?”

त्यांनी मान हलवली. नाही.

“मग? पोटात?”

“तू जा. प्रमोदला बोलाव.”

“ते पाळीवर आहेत. मला सांगा.”

“तुला नाही सांगता येत.”

सासूबाईंनी पेला टाकला आणि डावा हात स्वतःच्या ओटीपोटावर ठेवला. दाबला. माझ्याकडे बघत पुन्हा दाबला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

“मामंजी, लघवी कधी झाली होती?”

त्यांनी कपाळ गादीत आणखी खुपसलं.

“सकाळी झाली होती का? मामंजी, लाजायची वेळ आहे का ही?”

“काल,” गादीतूनच आवाज आला. “काल दुपारी. थोडी.”

शेजारच्या भारंबे काकूंना सासूबाईंजवळ बसवून मी रिक्षा आणली. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मला अजून आठवतो. प्रत्येक खड्ड्याला मामंजी रिक्षावाल्याच्या बापाचा उद्धार करत, आणि त्यांनी तोवर माझ्यासमोर कधी शिवी दिली नव्हती. मधेच माझा हात धरून म्हणाले, “फडताळातला डबा घ्यायचा होता. मुळाचा. दोन चमचे घेतले असते, तर मोकळं झालं असतं.”

“मामंजी, आता त्या गवताचं नाव काढलंत ना, तर मी तुम्हाला इथेच उतरवीन!”

रिक्षावाल्यानं वेग वाढवला.

डॉक्टर बऱ्हाटे लघवीच्या विकारांचे. माझ्या दुकानात त्यांच्या चिठ्ठ्या येत, पण आमची ओळख तेवढीच. त्यांनी मामंजींना आत घेतलं, दार लावलं. थोड्या वेळानं आत जो सुस्कारा सुटला, तो दारापलीकडे मला स्पष्ट ऐकू आला. नळी घातली होती.

मला आत बोलावलं, तेव्हा मामंजी चादर गळ्यापर्यंत ओढून छताकडे बघत पडले होते.

“या तुमच्या कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

“सून,” मामंजी म्हणाले.

“बरं झालं कुणीतरी आलं.” डॉक्टर माझ्याकडे वळले. “मागच्या वेळी एकटेच आले होते. मी ऑपरेशन सांगितलं होतं, तर म्हणाले, मुलाला घेऊन येतो. आलेच नाहीत.”

“मागच्या वेळी म्हणजे?”

“वर्ष होऊन गेलं असेल. प्रोस्टेटची गाठ वाढलेली होती. साधी आहे, कॅन्सरची नाही, ते तेव्हाच तपासलं. पण वाट अडवून बसलीय. गोळ्यांनी भागणार नाही, दुर्बिणीतून काढावी लागेल, असं सांगितलं होतं.”

मी मामंजींकडे पाहिलं. छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं, तरी ते बघत होते.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांचा चेहरा जरा उतरला. दोन्ही मूत्रपिंडांना सूज होती. लघवीची पिशवी कित्येक महिने पूर्ण रिकामी होतच नव्हती आणि त्याचा दाब मागे मूत्रपिंडांवर येत होता. “काका, इतके दिवस काढलेत कसे? काही घेत होतात का?”

“एक मूळ घेत होतो. विंचूगवताचं. आणि परवापासून सर्दीची गोळी.”

“नेटलचं मूळ? त्यानं काही फरक पडला?”

“पडला ना!” मामंजी पहिल्यांदाच उशीवरून डोकं उचलून म्हणाले. “रात्री जास्त वेळा उठायला लागायचं, ते कमी झालं. धारही जरा बरी.”

“होतं तसं काहींना. नाही म्हणणार नाही मी.”

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. नळी लावलेला, चादरीत गुंडाळलेला तो माणूस माझ्याकडे जिंकल्यासारखा बघत होता. मी कपाळावर हात मारला.

“पण काका,” डॉक्टर म्हणाले, “त्यानं गाठ लहान होत नाही. त्रास जरा हलका झाला, म्हणून तुम्हाला वाटलं सगळं ठीक चाललंय. आत पाणी तुंबलेलंच होतं. त्यात सर्दीच्या गोळीनं उरलीसुरली वाट बंद केली. मूत्रपिंडं किती सावरतात ते आता बघायचं. आधी नळीवर ठेवू, मग ऑपरेशन. आणि ते गवत बंद. पाला तर मुळीच नाही. कमकुवत मूत्रपिंडांना त्यातले क्षार झेपायचे नाहीत.”

डॉक्टर गेले. खोलीत आम्ही दोघंच. मी इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं सुटलं.

“मी तुम्हाला विचारलं होतं. गोळी देताना विचारलं होतं, मामंजी!”

“दुकानात विचारलंस.”

“मग?”

“चार माणसांसमोर सून विचारते, लघवी नीट होते का. काय सांगायचं? तुझ्या पाटीखाली दुसरी पाटी लावू?”

“घरी सांगायचं.”

“घरी तरी सूनच ना तू?”

“मग प्रमोदना सांगायचं!”

“तो तुलाच येऊन सांगणार.”

“आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं असताना गवताची मुळं खात बसलात? वर गल्लीला वाटत बसलात? तुम्हाला खरंच वाटत होतं त्यानं बरं होईल म्हणून?”

मामंजी चारचौघांत अगदी पुस्तकी बोलत. फार चिडले किंवा फार हलले, की घरच्या बोलीवर येत. ते आता तसे बोलले.

“मी काय येडा हाये का? मले माह्यीत व्हतं. डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं व्हतं. गवतानं गाठ जात नाही, हे तू सांगायच्या आधी मले ठाऊक व्हतं.”

“मग कशासाठी?”

ते पुन्हा छताकडे बघू लागले. मग आवाज खाली आला. “डॉक्टर म्हणाला, आठवडाभर दवाखाना. त्यापुढे दीडदोन महिने वजन उचलायचं नाही. द्वारकाला कोण उचलणार? तिला कोण न्हाऊ घालणार? दुसऱ्याचा हात लागला की अंग आकसून घेते ती. मला फक्त ती आहे तोवर चालवायचं होतं, हेमा. गवतानं थोडा रेटा मिळत होता. तेवढा पुरला असता. तिच्या मागे माझं काय व्हायचं ते होवो.”

“आणि तुम्हीच आधी गेला असतात म्हणजे?”

त्यांनी यावर विचार केला. खरंच केला, कारण कपाळाला आठ्या पडल्या. “ते धरलं नव्हतं मी,” ते म्हणाले.

“आणि लोकांना का वाटत होतात?”

“रोज कुणीतरी येऊन म्हणायचं, लीलाधर, फरक पडला रे. ऐकलं की वाटायचं, आपल्यालाही पडतोय.”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडण्यासारखं खूप होतं. मी त्यांची चादर सारखी केली आणि बाहेर जाऊन प्रमोदना फोन केला.

प्रमोद रजा टाकून दवाखान्यात राहिले. घरी मी आणि सासूबाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी तापवलं, टॉवेल, साबण, कोरडे कपडे काढून ठेवले आणि त्यांच्या खाटेशी जाऊन उभी राहिले. मनाची तयारी केली होती. त्या रडतील, हात झिडकारतील, भिंतीकडे तोंड करतील. भारंबे काकूंना मदतीला हाक मारायची हेही ठरवून ठेवलं होतं.

“आई, मामंजी थोडे दिवस नाहीत. अंघोळ मी घातली तर चालेल का?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात वर केला. माझ्या खांद्यावर टाकला. चल, असा.

न्हाणीघरात खुर्चीवर बसवून मी पहिला तांब्या पाठीवर ओतला, तशा त्या “आऽऽ” म्हणाल्या. मी घाबरले. “भाजलं?”

त्यांनी मान हलवली. डोळे मिटले. “ऊन,” त्या म्हणाल्या. “ऊन पानी.”

मी आणखी ओतलं. त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू सैल झाली. इतक्या महिन्यांत मी तो चेहरा तसा पाहिला नव्हता. मी केसांना साबण लावला, बोटांनी चोळला, धुतले. मग बाहेर उन्हात बसवून तेल लावून विंचरायला घेतले. तेव्हा त्या बोलायला लागल्या. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता आणि मी मधे बोलले नाही.

“त्ये... गार घालतात. भाजंल म्हून.”

“मामंजी? गार पाणी? इतके दिवस?”

“केस... वढतात.”

“मग सांगायचं नाही का, आई? खुणेनं तरी!”

त्यांनी डावा हात हलवला, जाऊ दे, असा. मी फणी हातात घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले. मला आता राहवेना.

“पण सुरुवातीला बाई लावली होती, तेव्हा तुम्ही रडलात ना? मामंजी म्हणाले, तुम्हाला दुसऱ्याचा हात चालत नाही.”

सासूबाईंनी मान हलवली. नाही. पुन्हा हलवली, जोरात. ओठ वाकडे झाले, शब्द येईना. मग आला.

“मी नाही रडली. त्ये रडले.”

फणी माझ्या हातात तशीच राहिली. अंगणात ऊन होतं, बाहेर रस्त्यावर कुणीतरी माझ्या बंद दुकानाचं शटर वाजवत होतं, आणि मला एकदम सगळ्यांचा संताप आला. पायरीवर बसून गल्लीला औषध वाटणारा तो म्हातारा, गार पाण्यात बसून दात चावणारी ही म्हातारी. एकानं स्वतःची मूत्रपिंडं पणाला लावली, की हिला परक्याचा हात लागू नये. हिनं थंडीत कुडकुडत दिवस काढले, की त्याचं मन मोडू नये. आणि मधल्या भिंतीपलीकडे मी, बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचत.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. “त्याह्यले... सांगू नको.”

“नाही सांगत,” मी म्हणाले.

ऑपरेशन चांगलं झालं. मूत्रपिंडं पूर्ण सावरली नाहीत. पुढची सगळी वर्षं मामंजींना मीठ, पाणी, केळीसुद्धा जपूनच घ्यावी लागली. आज ते नाहीत, सासूबाईही नाहीत. पण ते दवाखान्यातून घरी आले तो दिवस माझ्यासमोर जसाच्या तसा आहे.

बारीक झाले होते. प्रमोदनी धरून आणलं आणि खाटेजवळच्या खुर्चीत बसवलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग मामंजींनी माझ्याकडे न बघता विचारलं, “तिनं हात लावू दिला का तुला?”

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

“कसला लावू देतात,” मी म्हणाले. “फार छळलं मला. रोज तुमची वाट बघायच्या.”

मामंजींच्या चेहऱ्यावर जो उजेड आला, तो दवाखान्यातल्या कुठल्याच सलाइननं आणला नव्हता. “मी म्हणत नव्हतो?”

“पण डॉक्टरांनी उचलायला बंदी केलीय. तेवढे दिवस त्यांना माझाच हात चालवून घ्यावा लागेल. नंतर तुम्ही करा. फक्त पाणी चांगलं ऊन घ्यायचं. आणि केस आधी तेल लावून मग विंचरायचे.”

“ऊन पाण्यानं कातडी जळेल तिची. तिला त्या बाजूला कळत नाही,” मामंजी म्हणाले. आवाजात पायरीवरची ती जुनी ऐट परत आली होती. “त्यापेक्षा मी काय म्हणतो, खायचं बंद झालं ना? मग तो डब्यातला पाला उकळू, आणि त्या पाण्यानं तिला...”

“नको!”

मी बोलले नव्हते. प्रमोदही बोलले नव्हते. सासूबाईंनी उशीवरून मान उचलली होती. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून इतका स्वच्छ, इतका धारदार शब्द कुणी ऐकला नव्हता.

मामंजींचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. उचलून नव्हे, बसल्या बसल्या पायांनी ढकलत. सासूबाईंचा चांगला हात हातात घेतला आणि अगदी हळू, घरच्या बोलीत विचारलं, “द्वारके, मी घालतो ते पानी तुले गार लागते का वं?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं.

मी किल्ल्या उचलल्या आणि दुकान उघडायला गेले.